येणार असल्यास एक दाबा

टाकी भरली की विहिरीवरची मोटर आपोआप बंद व्हावी, एवढीच प्रभाकररावांची मूळ मागणी होती. पिपरी मेघेतल्या त्यांच्या घरी तोवर हे काम शेजारचे अण्णाजी करत. टाकी वाहू लागली की ते आपल्या गच्चीवरून "परभाकरराव, वाहून राह्यली जी टाकी!" असं ओरडत, आणि प्रभाकरराव हातातला पेपर टाकून बटणाकडे धावत. ही व्यवस्था एकोणीस वर्षं बिनतक्रार चालली होती. तिला वीज लागत नव्हती, इंटरनेट लागत नव्हतं आणि अण्णाजी कधी नादुरुस्त झाले नव्हते. पण एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला शेजाऱ्यानं रोज गच्चीवरून ओरडावं, हे काही प्रभाकररावांच्या मानाला शोभत नव्हतं.

कॉलनीच्या तोंडाशी धर्मेंद्रचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्यानं इलाज सांगितला.

"काकाजी, हा प्लग लावा अन् टाकीत हा सेन्सर सोडा. मग सब ऑटोमॅटिक. तुम्ही फक्त बसून राहा."

बसून राहण्याची कल्पना प्रभाकररावांना मनापासून आवडली. प्लग बसला, सेन्सर टाकीत सुटला आणि पहिल्याच दिवशी टाकी भरताक्षणी मोटर बंद होऊन मोबाईलवर "टाकी भरली" असा संदेश आला. प्रभाकररावांनी तो तीनदा वाचला. पलीकडे अण्णाजी तोंड उघडून गच्चीवर उभे होते. ते पाव तास तसेच उभे राहिले आणि मग जिना उतरून गेले. त्यानंतर अण्णाजी गच्चीवर येईनासे झाले. हे प्रभाकररावांच्या लक्षात यायला दोन महिने लागले.

एकदा मोटर वठणीवर आल्यावर बाकीच्या घराला मोकळं सोडणं त्यांना बरं वाटेना. गिझर पहाटे साडेपाचला सुरू व्हावा, अंधार पडला की देवघरातला दिवा लागावा, दिवा लागला की बैठकीतल्या स्पीकरवर आरती सुरू व्हावी. एक ऑनलाइन सेवा दुसरीला जोडत, दुसरी तिसरीला अडकवत त्यांनी घरभर जाळं विणलं. त्यासाठी एक नोंदवही उघडली आणि तिच्यात लाल शाईनं नियम लिहिले : "अमुक घडल्यास तमुक करणे." कचेरीत असताना अमुक घडल्यावर तमुक करायला त्यांना सरासरी सहा आठवडे लागत, ही गोष्ट त्यांच्या पत्नीनं, प्रमिलाबाईंनी, एकदोनदा बोलून दाखवली. त्यांनी ती दप्तरी दाखल करून घेतली नाही.

श्रावणात आभाळ भरून आलं की देवघराला सकाळी अकरालाच तिन्हीसांज झाल्यासारखं वाटे. प्रमिलाबाई लसूण सोलत असायच्या आणि बैठकीतून एकदम टाळ-झांजा सुरू व्हायच्या. लसणाचे हात जोडावेत की नाही, या विचारात त्यांची फोडणी करपायची. वीज जाऊन दुपारी दोनला आली की गिझर, आरती आणि मोटर तिघंही एकदम जागे होत आणि घर लग्नाच्या मांडवासारखं वाजू लागे. "सुरुवातीच्या अडचणी," असं प्रभाकरराव म्हणत. सुरुवात आठ महिने चालली होती.

त्यातच त्यांनी दाराला कॅमेऱ्याची घंटी बसवली. ओळखीचा चेहरा दिसला तर ती गप्प राही आणि अनोळखी दिसला तर घरभर सूचना देई. ती सूचना प्रभाकररावांनी स्वतःच्या आवाजात, घसा खाकरून, ध्वनिमुद्रित केली होती : "दारात अनोळखी व्यक्ती उभी आहे. कृपया खात्री करून घ्यावी." पहिल्याच सकाळी ही सूचना भांडी घासायला येणाऱ्या मंदाबाईंना ऐकावी लागली.

"अकरा वर्सं झाले मले इथं येऊन," मंदाबाई उंबऱ्यावरच उभ्या राहून म्हणाल्या. "अन् आता हे डब्बी मले अनोळखी म्हनते?"

"मंदाबाई, तुमच्या फोटोची नोंद व्हायची आहे. नोंद झाली की ओळखेल."

"आवाज तं तुमचाच हाये न जी?"

यावर नियमांच्या वहीत काही तरतूद नव्हती. मंदाबाईंचा फोटो तीनदा काढला, पण पदर घेतला की कॅमेरा त्यांना पुन्हा परकं ठरवी. शेवटी त्या मागच्या दारानं येऊ लागल्या.

इथपर्यंतचं सगळं चहाच्या टपरीवर सांगून हसावं असंच होतं. पुढचं प्रभाकररावांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण ते साऱ्या कॉलनीनं ऐकलं.

प्रभाकररावांचं मूळ गाव आंजी मोठी. थोरले भाऊ मनोहरराव तिथं भाजीपाल्याची शेती करतात. घरच्या भाद्रपदातल्या महालक्ष्म्या पिढ्यान्‌पिढ्या आंजीलाच उभ्या राहत. पण मोठ्या वहिनींचे, चतुराबाईंचे, गुडघे गेले आणि दोन वर्षांपूर्वी मनोहररावांनी महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे फडक्यात बांधून धाकट्याच्या हवाली केले. देताना एकच अट घातली.

"देव नेऊन राह्यला, ने. पन आवतन द्याले तू सोता येजो. बिन आवतनाचा मी देवाच्याही घरी जेवाले जात नाई."

आवतन म्हणजे आमंत्रण, पण आमच्याकडे ते तोंडानं पुरत नाही. थोरल्या घरी जावं लागतं. कुंकू लावायचं, अक्षत द्यायची, हातावर सुपारी ठेवायची आणि "तुमच्या घरी चूल पेटवू नका" असं म्हणायचं. मग आवाहनाच्या दिवशी सकाळी मनोहरराव आपल्या वावरातल्या सोळा भाज्या घेऊन पिपरीला येत. महालक्ष्मीच्या नैवेद्याला सोळा भाज्यांची भाजी लागतेच. मुख्य म्हणजे संध्याकाळी ज्येष्ठेचा मुखवटा उंबऱ्यातून आत आणायचा मान चतुराबाईंचा. प्रमिलाबाई कनिष्ठा घेऊन त्यांच्या मागे. असा तो सगळा बेत होता.

दोन वर्षं प्रभाकरराव आंजीला गेले. दोन्ही वेळा अख्खा दिवस गेला. आधी चहा, मग वावर पाहणं, मग वांग्यावर पडलेल्या अळीची हकिगत, मग जेवण, मग "आता उनाचं कुठं जातं, पड जरासा" आणि मग पुन्हा चहा. एका आवतनाला एक दिवस, अशी चौसष्ट घरं. यंदा त्यांनी हिशेब मांडला आणि आवतनांचंही स्वयंचलन करायचं ठरवलं.

त्याची हकिगत थोडक्यात सांगायची म्हटली तरी लांबेल. एका संदेश-सेवेत खातं उघडायचं होतं. तिनं आधी "मी यंत्र नाही" या चौकटीत खूण करायला लावली आणि मग पूल असलेली चित्रं निवडायला सांगितली. नाल्यावरचा सिमेंटचा स्लॅब हा पूल धरावा की नाही, या तांत्रिक मुद्द्यावर प्रभाकरराव तीन वेळा अडले आणि तिन्ही वेळा आपण माणूस असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही. प्रमिलाबाईंनी पोळ्या लाटता लाटता ते एका झटक्यात करून दिलं. मग सेवेला व्यवसायाचं नाव हवं होतं. त्यांनी "महालक्ष्मी भोजन, पिपरी मेघे" असं लिहिलं. नऊ दिवसांच्या तपासणीनंतर सेवेनं त्यांना भोजनालय म्हणून मान्यता दिली. त्यानंतर महिनाभर अधूनमधून कुणीतरी थाळीचा भाव विचारी आणि एकानं अर्धी थाळी मिळेल का, असंही विचारलं.

नवं सिम घेऊन ते जुन्या फोनमध्ये घातलं, फोन फ्रिजवर ठेवला आणि पंधरा दिवस आधी एका बटणासरशी चौसष्ट घरी आवतन रवाना झालं :

"मा. महोदय, विषय : श्री महालक्ष्मी भोजनप्रसादास उपस्थित राहणेबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण सहकुटुंब उपस्थित राहावे. येणार असल्यास १ दाबा, नसल्यास २ दाबा. हा आमचा नवीन क्रमांक असून पुढील पत्रव्यवहार याच क्रमांकावर करावा."

मंदाबाईंनाही "मा. महोदय" गेलं. अण्णाजींनाही गेलं, आणि ते कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा दारात आले.

"मले ते दाबता नाई येत जी," ते संकोचून म्हणाले. "म्हनून सांगाले आलो. येतो आम्ही दोघं."

"अण्णाजी, तोंडी होकाराची नोंद होत नाही. घरी जाऊन कुणाकडून तरी एक दाबून घ्या," प्रभाकररावांनी अत्यंत सौजन्यानं सांगितलं. अण्णाजी "बरं" म्हणून गेले.

जो कुणी एक किंवा दोन सोडून काही वेगळं पाठवील, त्याच्यासाठी तीन उत्तरं तयार होती. यंत्रणा ती आळीपाळीनं पाठवी. तिन्ही प्रभाकररावांनी स्वतः रचली होती आणि त्यांच्या भाषेचा त्यांना अभिमान होता. फोन केला तर तो आपोआप कटे आणि "सध्या व्यग्र आहे, लेखी कळवावे" असं जाई. फ्रिजवरचा फोन दिवसभर गुरगुरत राही. प्रभाकरराव फक्त टॅबवरची होकारांची बेरीज पाहत.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. आंजीला स्वतःच जायचं, हे ते विसरले नव्हते. यादीत पहिलंच नाव "मा. श्री. मनोहरराव, आंजी (मोठी)" असं असलं तरी ते निव्वळ अनुक्रमासाठी होतं. दादाकडे जाण्याची आठवण त्यांनी स्वतःच्या फोनवर वेगळी लावली होती. रोज सकाळी आठला फोन वाजे : "आंजीला जाणे." खाली दोन बटणं येत, "झाले" आणि "नंतर". पहिल्या दिवशी वायफायवाला येणार होता म्हणून त्यांनी "नंतर" दाबलं. दुसऱ्या दिवशी पाठ धरली होती. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं. प्रमिलाबाईंनी दोनदा विचारलं, "अहो, मोठ्या भाऊजींकडं आवतनाले कधी जाता?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "कळवलं आहे." ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

आवाहनाचा दिवस उजाडला. टॅबवर दोनशे अकरा माणसांचा होकार होता. दारापासून देवघरापर्यंत प्रमिलाबाईंनी कुंकवाची पावलं काढली. कॉलनीतल्या बायका फुलोऱ्याच्या पुऱ्या-करंज्यांना तेल तापवून बसल्या. अण्णाजी केळीचे खांब घेऊन आले. नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला, पण आंजीहून भाज्या आल्या नाहीत.

"फोन करा न," प्रमिलाबाई म्हणाल्या.

प्रभाकररावांनी केला. चतुराबाईंनी उचलला.

"वहिनी, दादा निघाले का?"

चतुराबाई म्हणाल्या, "त्यायनं सांगतलं न तुम्हाले, भाऊजी. तुमच्या नव्या नंबरवर." आणि फोन ठेवला.

प्रभाकररावांनी फ्रिजवरचा फोन काढला. मनोहररावांच्या नावासमोर लाल अक्षरात "नकार" होतं. वर बोलून पाठवलेल्या संदेशांची रांग होती, कारण मनोहररावांना टंकता येत नाही. प्रभाकररावांनी सगळ्यात वरच्या संदेशावर बोट ठेवलं आणि फोन कानाला लावला.

तो फोन आरतीसाठी बैठकीतल्या स्पीकरला जोडलेला होता. मनोहररावांचा आवाज कानात न येता बैठकीतून आला. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायची सवय असलेला तो आवाज साऱ्या घरात घुमला आणि तळणाऱ्या बायकांचे झारे थांबले.

"परभाकर, हे काय आलं बे तुह्याकडून? नंबर नवा घेतला म्हनते. बरं झालं. मी उद्या परवा घरीच हाओ. येजो."

प्रमिलाबाई हात पुसत आल्या आणि त्यांनी फोन हातातून घेतला. पडद्यावर खाली उत्तर होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, कारण चष्मा नसला की त्या मोठ्यानंच वाचतात.

"'आपला प्रतिसाद समजला नाही. येणार असल्यास एक दाबा.'"

एक संदेश संपला की दुसरा आपोआप सुरू होई. हा नियम मात्र प्रभाकररावांनी घातलेला नव्हता.

"अबे, दाबाचं काय बोलून राह्यला? मी इचारतो, कधी येतं? चतुरानं तुह्यासाठी बोंडं तळाले गुळ आनून ठेवला."

"'आपला संदेश प्राप्त झाला. उचित कार्यवाही करण्यात येईल.'"

"बंद करा ते," प्रभाकरराव म्हणाले. "स्पीकर, थांब." स्पीकर थांबला नाही. त्याला "थांब" शिकवायचं राहिलं होतं.

"परभाकर, तुले राग आला का कायचा? मागच्या साली मी पंगतीत म्हनलं का कढी आंबट झाली. ते मी मजाक केलतो रे. प्रमिलाले सांगजो, तिच्या हातची कढी मले आवडते. मनात नोको ठेवू."

प्रमिलाबाईंनी हेही उत्तर वाचलं. "'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.'"

कढईतलं तेल धुरावलं होतं, पण कुणी उठलं नाही. अण्णाजी केळीचा खांब धरून भिंतीकडे पाहत होते. प्रभाकररावांना वाटलं, निदान अण्णाजी तरी इथं नको होते.

"तुले फोन लावला तं कटला. कामात असशील. सांगाचं होतं का चतुराच्या डोयाचं आपरेशन झालं. सेवागरामले नेलतो. चार दिवस होतो आम्ही तिथं. तुह्या घरून जवळच हाये म्हना. पन तुले कायले तकलीफ द्याची, म्हनून बोलावलं नाई. ते म्हने, भाऊजीले कळवा तरी. म्हनून कळवून राह्यलो."

प्रमिलाबाईंनी वाचलं नाही. त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. प्रभाकररावांना ते स्वतः वाचावं लागलं, मनातल्या मनात : "आपला प्रतिसाद समजला नाही. येणार असल्यास एक दाबा." सेवाग्राम त्यांच्या घरापासून स्कूटरनं वीस मिनिटांवर. ते चार दिवस ते घरीच होते. त्या चारही सकाळी आठला त्यांनी "नंतर" दाबलं होतं.

शेवटचा संदेश आदल्या संध्याकाळचा होता. त्यात आधी नुसताच बैल हंबरल्याचा आवाज आला.

"बरं बापा. पंधरा दिवस वाट पाह्यली. भाज्या खुडून ठेवल्या हायेत, सोळाच्या सोळा. कोनाले पाठोजो न्याले, देवाचं अडू नाई. आमी काही येत नाई. आता ते दोन दाबतो, म्हनजे तुह्या कागदाले बरं पडन."

खाली इंग्रजी दोनचा आकडा होता आणि त्याच्याखाली प्रभाकररावांची सर्वात देखणी वाक्यरचना : "आपला नकार नोंदविण्यात आला आहे. आपण दिलेल्या बहुमोल वेळेबद्दल आभारी आहोत."

बैठकीत सोळा-सतरा माणसं होती. मागच्या दाराशी मंदाबाई ओल्या हातानं उभ्या होत्या. त्यांनी फक्त "अरे देवा" म्हटलं आणि परत भांड्यांकडे गेल्या. प्रभाकररावांना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. सारी बैठक आपलं तोंड पाहते आहे, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात सगळे खाली पाहत होते.

प्रमिलाबाई आत गेल्या. कुंकवाचा करंडा, अक्षतांची वाटी आणि सुपारी रुमालात बांधून त्यांच्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, "गाडी काढा. मोठ्या ताई आल्याबिगर मी लक्ष्म्या घरात नाई घेत. दारातच बसतो मी त्यायले घेऊन."

आंजीपर्यंत प्रभाकरराव मनात वाक्यं जुळवत गेले. "दादा, माझ्याकडून दिरंगाई झाली." हे खोडलं. "दादा, यंत्रणेतल्या त्रुटीमुळे." हे तर लिहिण्याआधीच खोडलं. वाटेत एका खड्ड्यातलं पाणी उडून ते कमरेपर्यंत चिखलानं भरले आणि त्यांना ते जवळजवळ बरंच वाटलं.

मनोहरराव ओसरीवर बसले होते. शेजारी ओल्या गोणपाटाखाली सोळा भाज्यांच्या जुड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. भावाला पाहून ते उठले नाहीत आणि बसही म्हणाले नाहीत. प्रभाकरराव चपला काढून अंगणातच उभे राहिले. जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

आतून चतुराबाईंचा आवाज आला. "कोन, भाऊजी आले का?"

त्या दाराशी आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि हात चौकटीवर चाचपडत होता.

"तुम्हाले कसं दिसलं, वहिनी?" प्रभाकररावांनी कसंबसं विचारलं.

"दिसाले कायले पाह्यजे? उजवी चप्पल घासत चालता तुम्ही, लग्न होऊन आली तवापासून आयकतो मी. बसा. गुळ तसाच हाये."

तिथं प्रभाकररावांचा बांध फुटला. साठी उलटलेला माणूस अंगणात उभं राहून रुमालाची गाठ सोडू लागला आणि गाठ सुटेना. शेवटी दातानं सोडली. त्यांनी वहिनींना कुंकू लावायला करंडा पुढे केला, दादाच्या कपाळाला बोट टेकवलं. बोटावर कुंकवापेक्षा चिखल जास्त होता.

"दादा, चुकलो. मले यायचं होतं. रोज यायचं होतं." शहरात गेल्यापासून दाबून ठेवलेली त्यांची बोली आपोआप वर आली. "तुमच्या घरची चूल पेटवू नका. घरी चला."

मनोहररावांनी पुढे केलेल्या सुपारीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय दाबू?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "एक का दोन?"

प्रभाकररावांनी मान खाली घातली. चतुराबाई म्हणाल्या, "पुरे करा जी आता. ते रडून राह्यले."

"रडू दे थोडा," मनोहरराव म्हणाले. पण त्यांनी तळहात पुढे केला होता.

वर्ध्याला भाजी नेणारा एक ऑटो मिळाला. त्यात भाज्या, दोघं आणि बोंडांचा गूळ. प्रभाकरराव मागून स्कूटरवर. पिपरीला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. प्रमिलाबाई खरोखरच पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर दोन्ही मुखवटे घेऊन. भोवती कॉलनीच्या बायका होत्या आणि आत कुणी दिवासुद्धा लावला नव्हता. दिवा म्हणे देवघरानं आपला आपणच लावून आरती सुरू केली होती, तेव्हा अण्णाजींनी आरतीच्या मधोमध स्पीकरची पिन उपटली.

चतुराबाईंच्या पायावर दूध-पाणी घातलं. काळा चष्मा सावरत त्यांनी ज्येष्ठा उचलली, मागे प्रमिलाबाईंनी कनिष्ठा घेतली. मनोहरराव घंटा घेऊन आणि प्रभाकरराव चिखलानं माखलेले, हात जोडून त्यांच्या मागे. रीत अशी की, आतल्या बाईनं विचारायचं आणि बाहेरच्यांनी सांगायचं.

"कोन आलं?" आतून मंदाबाईंनी विचारलं. मागच्या दारानं येणाऱ्या त्याच तेवढ्या आत होत्या.

चतुराबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच दाराच्या चौकटीतून प्रभाकररावांचा स्वच्छ, खाकरलेला, सरकारी आवाज आला :

"दारात अनोळखी व्यक्ती उभी आहे. कृपया खात्री करून घ्यावी."

मनोहररावांची घंटा हातातच राहिली. त्यांनी हळूच वळून भावाकडे पाहिलं. प्रभाकररावांना पायरी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चतुराबाईंना तो घंटीचा डबा दिसत नव्हता. त्यांना फक्त आवाज ओळखू आला. त्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून, लहान दिराला समजवावं तशा त्या म्हणाल्या,

"आमी घरचेच हाओ, भाऊजी. येऊ का आत?"

"या, वहिनी," प्रभाकरराव मागून म्हणाले, पण ते त्यांचं त्यांनाही नीट ऐकू आलं नाही. चतुराबाईंनी पाऊल चाचपत उंबऱ्यात ठेवलं. मान वर करायची हिंमत नसल्यामुळे प्रभाकररावांना फक्त जमिनीवरची कुंकवाची पावलं दिसत होती, आणि त्यांच्यावरून एकेक करून आत जाणारे घरचे पाय.